माळ्यावरचे बिऱ्हाड

मुंबईचा माणूस 'मी तिसऱ्या माळ्यावर राहतो' असे सांगतो तेव्हा जुन्या पुणेकराला क्षणभर त्याची कीव येते. कारण पुण्यात माळ्यावर माणसे राहत नाहीत. तिथे राहतात ती गौरीच्या आराशीची खोकी, कल्हई उडालेली पातेली, पाय मोडलेला पाट, कुणाच्या तरी मुंजीतला चौरंग आणि 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले, पण कधीही न लागलेले असे बरेच काही. मुंबईकराचा माळा म्हणजे नुसता मजला. आमचा माळा म्हणजे कौलांखालची, शिडीने चढायची, वाकून चालायची अंधारी जागा. 'मजला' हा शब्द अरबी 'मंझिल'च्या कुळातला. मंझिल म्हणजे प्रवाशाने उतरायचे ठिकाण, तेव्हा तिथे माणूस गृहीतच आहे. माळ्याला हे भाग्य नाही. 'माळ्यावर टाकणे' या वाक्प्रयोगातच त्याची पायरी ठरून गेलेली आहे.

हे शब्दांचे पुराण सांगण्याचे कारण असे की गेली दोन वर्षे आम्ही पाच माणसे आणि सुमारे दोन हजार पुस्तके अशाच एका माळ्याच्या आश्रयाने राहत आहोत. येणाराजाणारा विचारतो, "माळ्यावर घर? उकडत नाही? गळत नाही? डोके आपटत नाही?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आज ज्यांच्या घरावर कौले आहेत आणि कौलांखाली रिकामी जागा आहे अशी कुटुंबे पुण्या-नाशकात, सातारा-वाईला, कोकणात अजून पुष्कळ आहेत. त्यांना उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचे घर नारायण पेठेतले, १९३६ साली आजेसासऱ्यांनी बांधलेले. चुन्यातल्या विटांच्या दीड फुटी भिंती, तळमजला, वरचा मजला आणि त्यावर कौलारू माळा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या दिवशी तळमजला पाण्याखाली गेला होता आणि घरातल्यांनी ट्रंका माळ्यावर चढवल्या होत्या, असे सांगतात. आसपासचे मातीचे वाडे बसले. हे घर चुन्याचे म्हणून उभे राहिले. पुढे वाटण्या झाल्या. तळमजला चुलत घराकडे गेला, वरच्या तीन खोल्या आणि माळा आमच्याकडे आला. वाटणीच्या कागदात माळ्याचा उल्लेख 'व त्यावरील अडगळीची जागा' एवढाच आहे.

तीन खोल्यांत सासूबाई, आम्ही दोघे, बारावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. मुलीला अभ्यासाला दार हवे होते. खोली नव्हे, दार. तेवढ्या एका दारासाठी आम्ही शहराच्या कडेला फ्लॅट पाहू लागलो. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, शहात्तर वर्षांच्या. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. म्हणाल्या, "तुम्ही खुशाल जा. मला इथून हलवायचं असेल तर चौघांनी हलवा." यावर फ्लॅटचा विषय संपला आणि यजमानांनी मान वर करून तक्तपोशीकडे पाहिले.

माळ्यावर राहणे ही आपल्याकडे नवलाई वाटते, युरोपात ती जुनी गोष्ट आहे. पॅरिसच्या छपरांना ज्यांचे नाव मिळाले ते वास्तुकार फ्रान्स्वा मान्सार (१५९८–१६६६). खालचा भाग जवळजवळ उभा आणि वरचा भाग जवळजवळ सपाट, असे दुमडलेले छप्पर त्यांनी लोकप्रिय केले. वास्तविक त्यांच्याआधी पिएर लेस्को यांनी लूव्रच्या राजवाड्यावर तसे छप्पर केले होते; पण नाव पुष्कळदा करणाऱ्यापेक्षा गाजवणाऱ्याचे होते. या युक्तीने छपराखाली उभे राहण्याजोगी खोली निघते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसची नवी रचना झाली तेव्हा श्रीमंत मंडळी खालच्या मजल्यांवर राहत आणि जस्ती पत्र्यांच्या छपराखालच्या खोल्या मोलकरणींना मिळत, त्याही मागच्या वेगळ्या जिन्याने चढायच्या. १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका दुकानात माणसे नेणारी पहिली लिफ्ट बसली आणि पुढे लिफ्ट सगळीकडे पोचली, तसा हा क्रम उलटला. चढावे लागत नाही म्हटल्यावर वरचा मजला एकाएकी हवेशीर ठरला.

त्याआधीचा माळा मात्र गरिबाचाच. कार्ल श्पिट्सवेग या जर्मन चित्रकाराचे १८३९ सालचे 'गरीब कवी' हे चित्र प्रसिद्ध आहे. तिरक्या छताखाली गादीवर एक कवी बसला आहे, छप्पर गळते म्हणून डोक्यावर उघडी छत्री टांगली आहे, आणि शेगडीत जाळायला त्याने स्वतःचीच हस्तलिखिते काढून ठेवली आहेत. आमचे काम चालू असताना आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याने या चित्राची प्रत मला भेट दिली. ती मी मुद्दाम माळ्यावर लावली आहे.

आपल्याकडे याचा जवळचा नातेवाईक म्हणजे गिरगावातला पोटमाळा. दहा बाय बाराची खोली, पण छत अकरा-बारा फुटांवर. तेव्हा मधे फळ्या टाकून एक अर्धा मजला करायचा आणि वर चढायला उभी शिडी लावायची. घरात लग्न झाले की नवराबायकोची रवानगी त्या पोटमाळ्यावर. खाली आठ माणसे झोपलेली आणि वर फळी करकरणार, या जाचातून मुंबईच्या किती पिढ्यांचे संसार सुरू झाले! एकाच उंचीचा दोनदा उपयोग करून घेण्याची ही विद्या आपल्या मध्यमवर्गाने वास्तुशास्त्राच्या शाळेत न जाता मिळवलेली आहे.

बरे, आता मोजमापाकडे वळू. उतरत्या छपराखाली जागा किती, या प्रश्नाला सरळ उत्तर नसते. आमचा माळा वीस फूट रुंद आणि सव्वीस फूट लांब, म्हणजे जमीन पाचशेवीस चौरस फूट. पण कडेच्या भिंती माळ्याच्या जमिनीपासून अवघ्या तीन फूट उंच; तिथून दोन्ही पाखी चढत जाऊन मध्यावर दहा फुटांवर आढे. म्हणजे मधोमध प्रशस्त आणि कडेला रांगायची पाळी. फ्रान्समध्ये १९९६ च्या कायद्याप्रमाणे सदनिका विकताना १.८० मीटरहून कमी उंचीची जागा हिशेबातच धरत नाहीत. त्या मापाने आमचा माळा तीनशे चौरस फुटांच्या आसपास भरतो. जर्मनीत २००४ पासून लागू असलेला नियम जरा दयाळू आहे. दोन मीटरहून अधिक उंचीची जागा पूर्ण धरायची, एक ते दोन मीटर उंचीची निम्मी आणि त्याखालची सोडून द्यायची. त्या मापाने तोच माळा पावणेचारशेच्या घरात जातो. यजमानांनी हे दोन्ही हिशेब वहीत मांडले आणि आईंना दाखवले. आई म्हणाल्या, "आणि पुण्याच्या मापानं?" पुण्याच्या मापाने तो 'अडगळीची जागा' एवढाच होता.

या माळ्याचे घर करायचे तर सरळ मार्ग असा की शिडीच्या जागी जिना घालायचा, वर दोन खोल्या पाडायच्या आणि कडेची बुटकी जागा सोडून द्यायची. आमच्या स्थापत्य अभियंत्याने, हा यजमानांचा जुना विद्यार्थी, दुसरा मार्ग सुचवला. तो म्हणाला, "सर, छप्पर उचलता येत नसेल तर जमीन उतरवू." हे मला पहिल्यांदा कळलेच नाही. कळले तेव्हा फार आवडले.

युक्ती अशी. खालच्या मजल्याची उंची अकरा फूट. बैठकीच्या खोलीला ती शोभते. पण न्हाणीघराला, संडासाला, कोठीच्या खोलीला अकरा फूट उंची कशाला? त्यांना साडेसात फूट पुरे. तेव्हा या तिन्ही गोष्टी पूर्वेच्या भिंतीलगत आठ फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा एका पट्ट्यात आणल्या आणि त्यांच्यावरची जमीन माळ्याच्या जमिनीपेक्षा तीन फूट खाली घेतली. परिणाम काय झाला? वळचणीपाशी जिथे तीन फूट उंची होती तिथे सहा फूट झाली, आणि आतल्या कडेला साडेअकरा. जिथे रांगायचे तिथे माणूस ताठ उभा राहू लागला. तीच आता मुलीची खोली. तिला दार आहे.

अशा रीतीने घराला तीन पातळ्या आल्या: खालचा मजला, त्यावर आठ फुटांवर मुलीची खोली, आणि त्याहून तीन फूट वर उरलेला माळा. हा प्रकार जगात नवा नाही. आडोल्फ लोस या वास्तुकाराने प्रागमध्ये १९३० साली पुरे केलेले व्हिला म्यूलर हे घर याच विचाराचे आहे. प्रत्येक खोलीची उंची तिच्या कामाप्रमाणे, आणि खोल्या एकमेकींत पायऱ्यापायऱ्यांनी गुंफलेल्या. आपल्याकडे चार्ल्स कोरिआ यांनी १९८३ साली पुऱ्या झालेल्या मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत आकाशात तेच केले. एकेका सदनिकेत चार-दोन पायऱ्यांचे चढउतार ठेवले. पण मला विचाराल तर कोकणातले घर या सर्वांच्या आधीचे. अंगणातून पायरी चढून पडवी, पडवीतून पायरी चढून ओटी, मग माजघर. कोणत्या पाहुण्याने कोणत्या पायरीपर्यंत यायचे हे सांगावे लागत नसे, पायरीच सांगत असे. त्यात बाईने कुठे थांबायचे हेही ठरलेले होते, ते विसरण्याचे कारण नाही.

जिन्याविषयी थोडे खोलात जाते, कारण अशा घराचा जीव जिन्यात असतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घराच्या जिन्याची पायरी उंचीला १९० मिलिमीटरहून जास्त नसावी आणि पाऊल ठेवायची रुंदी २५० मिलिमीटरहून कमी नसावी. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लोंदेल यांनी एक ठोकताळा सांगितला तो आजही चालतो: दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, म्हणजे साठ-बासष्ट सेंटिमीटरच्या आसपास यावी. आमच्या जिन्याला अकरा फुटांत अठरा पायऱ्या बसल्या. तेरा मुलीच्या खोलीपर्यंत, तिथून पाच माळ्यावर. प्रत्येक पायरी सव्वासात इंचांहून किंचित जास्त, आणि सगळ्या सारख्या. हा 'सगळ्या सारख्या' मुद्दा सुताराला पटवताना आम्ही थकलो. त्याचे म्हणणे, "वहिनी, शेवटची एक अर्धा इंच कमी केली तर कुणाला कळतंय?" डोळ्यांना कळत नाही, पण पायाला कळते. पाय तीन पायऱ्यांत उंची पाठ करतो आणि चौथ्या पायरीला डोळ्यांची मदत घेत नाही. जुन्या वाड्यांच्या अंधाऱ्या जिन्यांत माणसे पडतात ती अंधाराने थोडी आणि विषम पायऱ्यांनी जास्त.

आता भार. माळ्याची जमीन म्हणजे सागवानी तुळयांवर टाकलेल्या फळ्या. तुळया चांगल्या होत्या, वाळवी नव्हती, पण त्या ट्रंका पेलण्यासाठी घातलेल्या होत्या. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला दोनशे किलोचा भार धरून आखावी असा भारतीय मानकाचा दंडक आहे. अभियंत्याने मला विचारले, "मॅडम, पुस्तकं किती?" मी फळी मोजून सांगितले. एक मीटर फळीवरची आमची पुस्तके वजनकाट्यावर पंचवीस ते तीस किलो भरली. पाच फळ्यांचे एक कपाट म्हणजे दोन धडधाकट माणसे, रात्रंदिवस एकाच जागी उभी! त्याने पुस्तकांना खोलीच्या मध्यावर जागा देण्यास साफ नकार दिला. तेव्हा पश्चिमेच्या तीन फुटी भिंतीला लागून सव्वीस फूट लांब, दोन फळ्यांचे बुटके कपाट केले. भार सरळ भिंतीवर उतरतो, रांगण्याच्या जागेचा उपयोग होतो, आणि पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीला पुस्तकांचे अस्तर मिळते. खालून लोखंडी तुळया घातल्या, त्या भिंतीत काँक्रीटच्या उशांवर टेकवल्या. जुन्या सागवानी तुळया काढल्या नाहीत. त्या आता शोभेपुरत्या आणि थोड्या मदतीपुरत्या आहेत.

छपराच्या दोन वाशांना जोडणारी आडवी लाकडे माळ्याच्या जमिनीपासून सात फुटांवर आहेत. गवंड्याचे म्हणणे होते की ती कापली तर खोली उंच दिसेल. अभियंता म्हणाला, "ती काढली तर छप्पर लगेच पडणार नाही. हळूहळू भिंती बाहेर ढकलेल. दहा वर्षं लागतील, पण ढकलेल." दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय गुळगुळीत फरशीवर आपोआप घसरत जातात; मधे दोरी बांधली तर थांबतात. ती दोरी म्हणजे ही लाकडे. ज्यांना कौलारू माळा मोकळा करायचा आहे त्यांनी एकही आडवे लाकूड जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय कापू नये, एवढी विनंती. 'घर फिरले की वासे फिरतात' ही म्हण आपण उलट्या क्रमाने शिकतो. वासे आधी फिरतात.

उकडते का? पुण्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. त्या दिवशी छपराची दोन्ही पाखी सारखीच भाजतात. तापलेले कौल नुसती हवा तापवत नाही, तर खालच्या माणसावर शेगडीसारखी धग टाकते. म्हणून कौलारू माळ्यावर पंखा फिरला तरी टाळू तापते. यावर उपाय म्हणजे छपराखाली दुसरे छप्पर. आमच्याकडे वरून खाली असा क्रम आहे: मंगलोरी कौले, रिपा, दोन इंच मोकळी हवा, पाणी न झिरपणारा कागद, फळ्या, रॉकवूल नावाची दगड वितळवून केलेली लोकरीसारखी चादर, आणि शेवटी पांढरे छत. यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणाची वस्तू म्हणजे ती दोन इंच हवा. तिला वळचणीपाशी आत यायला फट आणि आढ्यापाशी बाहेर जायला फट ठेवली की तापलेली हवा आपली आपण वर चढून निघून जाते. दोन्ही फटींना जाळी हवी, नाहीतर कबुतरे आणि उंदीर तुमच्याआधी बिऱ्हाड करतील.

कोरिआ यांनी अहमदाबादला १९६१-६२ च्या सुमारास 'ट्यूब हाउस' म्हणून एक अरुंद, स्वस्त घर बांधले होते. त्याचे छतच असे उतरते की गरम हवा त्या उतारावरून चढून वरच्या झरोक्यातून बाहेर पडावी. पंख्याविना हवा चालवण्याचे ते यंत्रच होते. आपल्या देशावरच्या माळवदाच्या घरांत धूर आणि उजेड यांसाठी छताला साणे ठेवत, त्याचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही.

तरीही खरे सांगायचे तर एप्रिल-मेच्या दुपारी दोन ते पाच आमचा माळा तापतो. त्या वेळी सगळे खाली आईंच्या खोलीत येतो. उलट डिसेंबरच्या संध्याकाळी वर जाऊन बसतो. पूर्वी वाड्यांतून माणसे ऋतूप्रमाणे सोप्यावरून माजघरात आणि माजघरातून अंगणात सरकत. एक खोली बारा महिने सारखीच सुखाची असावी हा हट्ट अलीकडचा आहे.

गळण्याचे म्हणाल तर मंगलोरी कौल ही फार हुशार वस्तू आहे. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली तिचा कारखाना काढला. एका कौलाच्या खाचेत दुसऱ्याची कड बसते, त्यामुळे वाऱ्यानेही पाणी मागे चढत नाही. वळचणीचे पाणी आढ्याला नेणे म्हणजे अशक्य गोष्ट, असे आपण म्हणतो ते उगाच नाही. पाणी शिरते ते फुटक्या कौलातून आणि जिथे कौल भिंतीला भेटते त्या सांध्यातून. तेव्हा पैसे खर्चायचे ते सांध्यावर आणि पन्हळीवर. उजेडासाठी पूर्वेच्या पाख्यात आम्ही मोठी तयार खिडकी न बसवता अकरा काचेची कौले बसवली. कोकणात ही रीत जुनीच. काचेचे कौल मातीच्या कौलाच्याच मापाचे, म्हणून नवा सांधा तयार होत नाही. सकाळी सातला मुलीच्या टेबलावर उन्हाचे अकरा तुकडे पडतात.

नळाचे पाणी घरात कुठेही नेता येते, सांडपाणी नेता येत नाही. त्याला उतार लागतो. म्हणून वर न्हाणीघर केले नाही. रात्री कुणाला उठायचे झाले तर अठरा पायऱ्या.

आता एका गोष्टीवरून आमच्या नातेवाइकांत अजून चर्चा चालते. माळ्याच्या जमिनीतला आठ फूट बाय दहा फुटांचा तुकडा आम्ही चक्क काढून टाकला. तिथे आता कठडा आहे, आणि कठड्यावरून वाकले की खाली आईंची खोली, त्यांचा पलंग दिसतो. एक चुलत सासरे म्हणाले, "ऐंशी चौरस फूट हवेला दिलेत? पेठेत?" त्यांचा सवाल बिनतोड आहे, ऐंशी फुटांत एक पलंग आणि कपाट सहज मावले असते.

पण घर आखताना मुख्य प्रश्न आईंचाच होता. त्यांना वर चढता येत नाही. गुडघ्यांमुळे सहा वर्षे त्यांनी माळा पाहिलेला नव्हता. आणि एके काळी या माळ्याची किल्ली त्यांच्या कमरेला होती. पापड-कुरडयांचे डबे, लोणच्याच्या बरण्या, रुखवताची ट्रंक, कुठे काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक. घर वर वाढणार म्हणजे आमचे बोलणे-हसणे, मुलांचा अभ्यास, पाहुणे, सगळे त्यांच्या डोक्यावरून वर निघून जाणार, आणि त्या खाली आपल्याच घरात भाडेकरू होणार. नकाशा दाखवला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मला दिसलं नाही तरी चालेल, ऐकू आलं पाहिजे." म्हणून ते भोक.

त्याची किंमत आम्ही रोज मोजतो. कुकरची शिटी थेट आढ्यापर्यंत जाते. मुलाचे तबल्याचे बोल खाली आईंच्या जपात मिसळतात. मुलीच्या प्रत्येक फोनला सगळे घर साक्षी, म्हणून तिच्या खोलीचे दार तेवढे जाड लाकडाचे आहे. वरच्या पावलांचा धाड धाड आवाज येऊ नये म्हणून फळ्यांच्या दोन थरांमध्ये जाड नमदा घातला, पण आईंची तक्रार उलटीच आली: "आता कोण चालतंय ते कळत नाही गं." त्या पावलावरून माणूस ओळखत. आता त्या कठड्याखालून हाक मारतात, आणि हाकेला वरून तिघांचे 'ओ' येतात.

माळा रिकामा करायला अकरा दिवस लागले. काम कष्टाचे नव्हते, निर्णयाचे होते. प्रत्येक वस्तू खाली आणायची, आईंच्या पलंगासमोर ठेवायची, आणि त्यांनी 'ठेव' किंवा 'दे' म्हणायचे. पितळी समया ठेवल्या. यजमानांचा पाळणा ठेवला. मामंजींच्या कचेरीच्या डायऱ्या, १९६८ पासूनच्या, ओळीने सव्वीस, त्यांनी मांडीवर घेतल्या आणि दोन दिवस काहीच सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "यात नुसते हिशोब आहेत." त्या डायऱ्या आता बुटक्या कपाटात माझ्या शब्दकोशांशेजारी आहेत. पुराच्या वेळी वर नेलेली एक ट्रंक होती, तिच्या तळाशी गाळाचा पापुद्रा अजून होता. आई म्हणाल्या, "ही दे." मुलाने ती मागून घेतली, तिच्यात त्याच्या क्रिकेटच्या बॅटी असतात.

एक अडचण मात्र कायमची राहिली आहे. माळ्याला माळा नसतो. पूर्वी जी वस्तू टाकवत नसे आणि वापरवतही नसे तिला जागा होती. आता असे काही हाती आले की तिथल्या तिथे ठरवावे लागते, आणि आमच्या घरात तिथल्या तिथे ठरवण्याची सवय कुणालाच नाही. परवा एक मोडका हार्मोनियम आठवडाभर जिन्याच्या तळाशी पडून होता.

शेवटी राहते ती गोष्ट पैशांहून नाजूक. छप्पर आमचे, पण जोते सर्वांचे. तळमजल्यावरच्या मंडळींना घर विकसकाला देऊन नवी इमारत व्हावी असे वाटते. त्यांचेही खरे आहे. तळमजल्याला ओल येते, उजेड नाही, आणि त्यांच्या वाट्याला माळा आलेला नाही. काम सुरू करण्यापूर्वी यजमान आणि चुलत दीर एका संध्याकाळी आईंच्या पलंगापाशी बसले. महापालिकेची परवानगी आणि अभियंत्याचा मजबुतीचा दाखला हे कागद होतेच. त्यांशिवाय एक साधा कागद केला. आई आहेत तोवर विकसकाचा विषय काढायचा नाही. आमच्या खर्चाचा बोजा पुढच्या वाटणीत मागायचा नाही. दोघांनी सही केली. आईंनी चष्मा मागवला, कागद शेवटपर्यंत वाचला, आणि दीरांना म्हणाल्या, "फार दिवस नाही थांबवणार तुला." दीर काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी खालून चहा पाठवला, आणि कामाच्या सबंध पाच महिन्यांत वाळू आणि लाकूड त्यांच्याच अंगणात पडलेले होते.

हा कागद अभियंत्याला दाखवला तेव्हा त्याने नकाशात एक बदल केला. लोखंडी तुळया, जिना, कठडा यांत कुठेही झाळकाम ठेवले नाही, सगळे नटबोल्टांवर. उद्या घर उतरवायची वेळ आली तर अठरा पायऱ्यांचा जिना सुटा करून ट्रकमध्ये घालता येईल आणि लोखंड दुसऱ्या घराला लागेल. बोल्ट वर्षातून एकदा तपासून आवळावे लागतात. ते काम मुलाकडे आहे. माळ्यावर चढायच्या जुन्या झडपेची सागवानी फळी आम्ही जिन्याच्या भिंतीवर लावली आहे. तिच्यावर एक खिळा, आणि खिळ्याला एकोणीस नंबरचा पाना टांगलेला आहे.